पातीची बाजू

"गाडी वेगालाच येईना," मी हेल्मेट काढता काढता म्हणालो. "खालनं झकास ओढतीया, पर मूठ पुरती पिळली की नुसती बोंबलती. जीवच न्हाई तिच्यात."

भूपालदा गाडीच्या मागं उकिडवा बसला, सायलेन्सरच्या तोंडापुढं तळहात धरला आणि मला मानेनं खूण केली. मी मूठ पिळली. हाताला लागलेलं काळं तेल त्यानं अंगठ्यानं चोळलं, त्याचा वास घेतला आणि हात पँटला पुसला.

"पाती अडकलीया. उघडाय लागणार."

"आत्ता?" सातगोंडा म्हणाला. "फायनल तोंडावर आलीया आन् तू इंजिन उघडतूस?"

"मग न उघडता पळवा. शेवटनं पहिला नंबर पक्का."

सातगोंडा पाटील माझा शाळेपासूनचा दोस्त. गाडी त्याच्या जीपमधून यायची, एवढ्या भांडवलावर तो स्वतःला आमच्या टीमचा मॅनेजर समजायचा. टीम म्हणजे तरी काय, आम्ही तिघं. गाडी चालवणारा मी, इंजिन बघणारा भूपाल खोत आणि आरडाओरडा करणारा सातगोंडा.

मिरजेच्या पलीकडं एका माळावर मातीच्या शर्यती होत्या. जेसीबीनं टेकाडं उभी केलेली, टँकरनं पाणी मारलेलं, दोरीच्या पलीकडं माणसांची ही गर्दी. सेमीफायनलमध्ये मी कसाबसा शेवटच्या जागेवर आत घुसलो होतो. फायनलच्या आधी पाहुण्यांचे सत्कार होते. एरवी या सत्कारांना आम्ही शिव्या घालायचो. उन्हात गाड्या तापायच्या आणि माईकवर कुणा संचालकाच्या मेव्हण्याला शाल-श्रीफळ दिलं जायचं. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात म्हटलं, होऊ दे बाबा, आज पंचक्रोशीतल्या एकालाही शालीशिवाय घरी पाठवू नका.

कारण मंडपात, पुढच्या रांगेत, निळी टोपी घातलेला एक माणूस बसला होता. तो पुण्याहून आला होता, एका गाड्यांच्या कंपनीच्या टीमसाठी पोरगा निवडायला. फायनल बघायची आणि एकाला घेऊन जायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला आधीच बजावलं होतं, "यंदाचं वरीस शेवटचं. ह्यात काय झालं तर झालं, न्हाईतर गुमान मागावर बसायचं." इचलकरंजीत आमचे यंत्रमाग होते. त्या खटखटाटात जन्म काढायचा या विचारानंच माझे कान दुखायचे.

आता ही पाती म्हणजे काय प्रकरण, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. टू-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर पडायला सिलिंडरच्या भिंतीत एक तोंड असतं. आमच्या गाडीसारख्या परदेशी शर्यतीच्या गाड्यांत त्या तोंडावर एक पोलादी पाती सरकते, दुकानाच्या शटरसारखी. इंजिन सावकाश चाललं असलं की पाती खाली, तोंड लहान. वेग चढला की पाती वर, तोंड मोठं, आणि मग गाडी अंगात आल्यासारखी पळते. मूठ सोडली की पाती पुन्हा खाली. याला पॉवर व्हॉल्व्ह म्हणतात. तेलाची काजळी बसून आमची पाती खालीच चिकटली होती.

काम तसं अवघड नाही. झाकणाचे स्क्रू काढायचे, पाती ओढायची, खरवडायची, परत सरकवायची. मेख एकच आहे. पातीची पुढची कड तिरकी घासलेली असते, सिलिंडरच्या गोलाईला बरोबर मिळेल अशी. पाती उलटी घातली तरी ती तेवढ्याच गुमान आत जाते. झाकण बसतं, गाडी चालू होते, काही म्हणता काही कळत नाही. फक्त तिचा खालचा कोपरा केसभर आत डोकावत राहतो. इंजिन पुरतं तापलं आणि भर वेगात मूठ सोडली की पाती खाली येते, पिस्टनची रिंग त्या कोपऱ्याला अडकते आणि इंजिन जागच्या जागी आवळतं. मागचं चाक थांबतं. आणि शर्यतीत भर वेगात मूठ कुठं सोडतात, तर मोठ्या उडीवर, गाडी हवेत असताना. तिथं मागचं चाक थांबलं की गाडी नाक खाली घालते आणि चालवणारा तिच्या आधी जमिनीवर पोचतो.

नव्या गाडीच्या पातीवर वरच्या बाजूला खूण असते. आमची गाडी तिसऱ्या हाताची. खूण कधीच झिजून गेली होती. भूपालदा अंगठ्यानं कड चाचपून बाजू ओळखायचा.

त्यानं ओलं पोतं इंजिनावर टाकलं. चर्रर आवाज आला, वाफ उठली. पोतं उचलून तो लगेच स्क्रूला लागला. सातगोंडानं माझा दंड धरला आणि मला जीपच्या मागं नेलं.

"जिन्या, पाती तू बसव."

"मी? का?"

"का म्हंजे? राजूचं काय झालं ते इसरलास?"

मी विसरलो नव्हतो. विसरणं शक्यच नव्हतं.

राजू म्हणजे राजमती, भूपालदाची धाकटी बहीण. माझा थोरला भाऊ महावीर आणि ती, दोघांचा दिवाळीनंतर साखरपुडा झाला होता. मी तिला वैनी म्हणायलाही लागलो होतो. अक्षयतृतीयेचा मुहूर्त धरला, पत्रिका छापून आल्या, पहिली पत्रिका बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, भगवंतापुढं ठेवून झाली. आणि दुसऱ्या दिवशी महावीरचा बेंगळुरूहून फोन आला. ऑफिसातल्या मुलीशी त्यानं कोर्टात लग्न केलं होतं. फोनवर तो रडत होता म्हणे. रडायचं होतं तर साखरपुड्याआधी रडायचं होतं. आमच्या पुराणातली राजमतीही अशीच, नेमिनाथ वरातीतून माघारी फिरले आणि ती मांडवात तशीच राहिली. बस्तीतल्या बायकांना तेवढंच निमित्त पुरलं. "नावच तसलं ठेवलं की गं," असं त्या राजूला ऐकू जाईल इतपत हळू म्हणायच्या. तिनं बस्तीत यायचं सोडलं. पुढं उंबरा ओलांडायचंच सोडलं.

आण्णा हात जोडून खोतांच्या घरी गेले, तेव्हा मी बरोबर होतो. भूपालदानं तांब्याभांडं आणून ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "आण्णा, पाणी घ्या." शिवी नाही, आवाज चढवणं नाही. आण्णा म्हणाले, त्यापेक्षा त्यानं चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी मी त्याच्या गॅरेजवर गेलो, माझं इंजिन परत मागायला. कुठल्या तोंडानं त्याच्याकडून काम करून घेणार? तर इंजिन त्याच्या टेबलावर उघडलेलं होतं आणि तो नव्या रिंगा बसवत होता. "केलं तुझ्या भावानं. इंजिनानं काय केलंय?" असं म्हणून त्यानं मला पाना द्यायला लावला. त्यानंतर त्याचं माझं बोलणं कामापुरतं राहिलं. पण काम त्यानं एक दिवस चुकवलं नाही.

"भूपालदा तसला न्हाई," मी सातगोंडाला म्हणालो.

"तसला न्हाई, हे मलाबी ठाऊक हाय. पर बहीण हाय त्याची. बेळगावकडच्या त्या पोराचं ऐकलंस न्हवं? पाती उलटी बसलेली. कुणी मुद्दाम केलं का चुकून झालं, आजपतोर कळलं न्हाई. मांडीचं हाड कातडं फाडून भाईर आलं हुतं. आता कुबडी घिऊन पानपट्टीवर बसतोय."

"गप की रं."

"मी गप बसतो. तू जाऊन म्होरं बस आन् तो पाती कशी घालतोय ते बघ. एवढं तरी कर."

सांगायला सोपं होतं. इतक्या वर्षांत मी कधी भूपालदाच्या समोर बसून त्याचा हात तपासला नव्हता. आजच का, हे त्याला न सांगता कळलं असतं. आमच्या घरानं त्याच्या घराच्या तोंडावर एकदा मारलंच होतं. आता दुसरी थोबाडीत मी द्यायची होती. आणि नाही द्यायची, तर मग उडीवरून उतरताना काय होतं ते बघायचं होतं. मला दोन्ही नको होतं. मी मधला मार्ग काढला, म्हणजे भित्रा माणूस काढतो तो. गाडीपासून चार हातांवर उभा राहून हातमोज्यांचे पट्टे सोडत-बांधत राहिलो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिलो.

पाती बाहेर आली होती. काजळीनं ती चुलीवरच्या तव्यासारखी झाली होती. भूपालदानं ती पेट्रोलमध्ये बुडवली, जुन्या टूथब्रशनं घासली, मग सिलिंडरच्या खाचेत चिंधी फिरवली. बोटं भाजत होती, ती तो मधूनच ओल्या पोत्यावर टेकवायचा. चेहऱ्यावर काही नाही. माईकवर कुणा सभापतींचा सत्कार चालू होता. पाती स्वच्छ झाली. उन्हात चकाकली. त्यानं ती डाव्या तळहातावर घेतली आणि थांबला.

भूपालदा कामात थांबत नसे. त्याचे हात सरळ एका कामातून दुसऱ्यात जायचे. त्या दिवशी तो पाती हातावर घेऊन बसून राहिला. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, तो काहीतरी विचारतोय.

"काय?" मी म्हणालो.

"काय न्हाई."

तेवढ्यात माईक कडाडला. प्रमुख पाहुण्यांना सांगलीला एका लग्नाच्या मुहूर्तावर पोचायचं असल्यानं उरलेले सत्कार बक्षीस समारंभात होतील, फायनलच्या स्पर्धकांनी ताबडतोब गेटवर यावं. सातगोंडानं पाहुण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भूपालदा झटकन पुढं वाकला. त्याचा खांदा मध्ये आला आणि मला पाती आत जाताना दिसली नाही. झाकण, स्क्रू, सायलेन्सरची स्प्रिंग, सगळं भराभर झालं. किक त्यानं हातानं दाबून एकदा सावकाश फिरवली. कुठं अडकलं नाही. पण निवत आलेल्या इंजिनात उलटी पातीही अडकत नसते.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"नीट?" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला.

आमच्याकडं एक रिवाज होता. उघडलेलं इंजिन बंद केलं की पहिली चक्कर मिस्त्रीची. त्यानं स्वतः गाडी तापवायची, पळवायची आणि मग चालवणाऱ्याच्या हातात द्यायची. भूपालदा गाडीवर बसून किक मारणार इतक्यात कॅप्टन घोरपडे आडवे आले. शर्यतीचे मुख्य पंच, लष्करातून निवृत्त झालेले, आवाज अजून परेडचाच.

"ट्रॅकवर फक्त फायनलचे रायडर. मेकॅनिक दोरीबाहेर."

"साहेब, एकच चक्कर."

"नो. गाडी त्याच्याकडं द्या."

भूपालदा उतरला. हँडल माझ्या हातात देताना त्याचा हात थोडा वेळ तिथंच राहिला. मी हेल्मेट घातलं. आत माझाच श्वास मला ऐकू येत होता.

गेटवर, म्हणजे सुटताना खाली पडणाऱ्या आडव्या दांड्यामागं, आम्ही ओळीत उभे राहिलो. मी इंजिन तापवलं. आवाज आता मोकळा होता, वर चढताना कुठं अडखळत नव्हता. पाती हलत होती. ती सुलटी होती की उलटी, ते मात्र आवाजावरून सांगता येत नव्हतं. माझ्या डाव्या हाताला कोल्हापूरचा एक पोरगा टँकवर डोकं टेकवून देवाचं नाव घेत होता. मला देव आठवेना. मला बेळगावकडच्या पोराचं हाड आठवत होतं. मोठी उडी पहिल्याच फेरीत येणार होती, पण तेव्हा इंजिन नुकतं तापलेलं असणार. दुसरी फेरी, तिसरी फेरी, तिथं कुठंतरी कळणार होतं. भूपालदा तसला नाही, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि पोटात कुणीतरी उत्तर देत होतं की तुझा भाऊ तरी तसला कुठं होता.

सुटायच्या इशाऱ्याची पाटी वर झाली. सगळ्यांनी मुठी पिळल्या. धुरानं समोरचं दिसेना.

त्या धुरातून भूपालदा आला. पळत नव्हता, चालत आला. दोरीखालून वाकून थेट माझ्या पुढच्या चाकासमोर उभा राहिला.

"बंद कर."

"भूपालदा, बाजूला हो."

"बंद कर म्हणतूय न्हवं."

शिट्ट्या सुरू झाल्या. घोरपडे साहेब निशाण हलवत धावत आले. "हू इज धिस मॅन? बाहेर काढा याला."

"साहेब, गाडीत दोष हाय," भूपालदा म्हणाला. मग माझ्याकडं वळून, कानाशी तोंड आणून, "पाती उलटी आसंल."

"आसंल म्हंजे?"

"ठाऊक न्हाई."

"तूच बसवलीस की."

"व्हय. ठाऊक न्हाई."

"गेट थांबणार नाही," घोरपडे ओरडले. "आत राहायचं तर राहा, नाहीतर मागे घ्या."

आणि त्या क्षणी मला सगळं कळलं, असं मला वाटलं. माणूस पुरता घाबरला की त्याला फार लवकर सगळं कळतं. हाड मोडण्यात काय आहे, चार महिन्यांत जुळतं. निळी टोपी मंडपात बसलेली असताना सगळ्या जगादेखत मला गेटवरून माघारी फिरवायचं, जसं आम्ही राजूला फिरवलं. हा बदला जास्त चोख होता. मी त्याला ढकललं. तो हलला नाही. त्यानं खाली वाकून प्लगची टोपी उपसली, वायर लोंबकळली, इंजिन मेलं.

मी त्याच्या तोंडावर मारलं. हातमोजा चढवलेल्या हातानं, पूर्ण ताकदीनं. तो दोन पावलं मागं गेला, ओठ फुटला, पण टोपी त्यानं मुठीतून सोडली नाही.

गेट पडलं. बाकीचे सगळे गेले. मातीचा लोट माझ्या अंगावर आला आणि मी मेलेली गाडी घेऊन ओळीत एकटा उभा राहिलो. माणसं हसत होती. हसणारच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

गाडी ढकलत आम्ही जीपजवळ आलो. भूपालदानं स्क्रू काढायला घेतले. सातगोंडा कंबरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभा. झाकण निघालं. भूपालदानं पाती अर्धी बाहेर ओढली, अंगठा तिच्या कडेवरून फिरवला आणि डोळे मिटले.

"बोल की," सातगोंडा म्हणाला.

"सुलटी हाय."

सातगोंडानं स्वतः वाकून बघितलं. त्यालाही तिरकी कड दिसली. पाती जशी असायला हवी तशीच होती. मग त्यानं जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, "जीव गेला आसता तर निदान चूक तरी म्हटलं आसतं. हे काय म्हणायचं?" आणि पाय आपटत मंडपाकडं निघून गेला, निळ्या टोपीवाल्याला काहीबाही समजावून सांगायला. त्याचा उपयोग झाला नाही. निळ्या टोपीनं तो कोल्हापूरचा पोरगा नेला. फेब्रुवारीत मी मागावर बसलो आणि आजही तिथंच आहे.

दोरीपलीकडं फायनल चालू होती. प्रत्येक फेरीला मोठ्या उडीवरून आवाज यायचा, मुठी सुटायच्या, क्षणभर शांत, मग चाकं जमिनीला टेकल्याचे धपके. आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना बसलो होतो. भूपालदानं ओठाचं रक्त बाहीला पुसलं.

"का केलंस?" मी विचारलं.

त्यानं पाती पुरती बाहेर ओढली आणि तळहातावर धरली.

"ही हातात हुती," तो म्हणाला. "घासून झाली. घालाय घेतली. आन् मनात आलं, उलटी सारली तर कुणाला कळणार न्हाई."

त्यानं ती तळहातावर पालथी केली.

"एवढंच आलं. करायचं म्हून न्हाई, नुसतं आलं. मी तुझ्याकडं बघितलं. तू मोज्याचं पट्टं बांधत हुतास. तंवर माईकवर ते लगीन का काय ते वरडलं, आन् हात चालाय लागलं. झाकण लावलं, स्क्रू आवळलं. तू 'झालं?' म्हनलास, मी 'झालं' म्हनलो." तो थांबला. "मागनं तिकडं दोरीला उभा ऱ्हायलो, आन् आठवाय लागलो, कशी घातली. आठवंना. रोज अंगठा फिरवतो तसा फिरवला का न्हाई, तेबी आठवंना. हातानं काय केलं ते मलाच ठाऊक न्हवतं."

"सुलटीच हुती की."

"व्हय. पर मला ठाऊक न्हवतं जिनू."

खूप महिन्यांनी त्यानं मला नावानं हाक मारली होती. मला त्याचा राग आला नाही. आधी भीती वाटली, आपण कशाच्या किती जवळून गेलो याची. मग लाज वाटली, कारण मारलेला हात अजून झिणझिणत होता. आणि मग इतकं वाईट वाटलं, त्याच्यासाठी, राजूसाठी, की मी मान खाली घालून बसलो. मनात आलेलं सांगणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. आमच्या घरात तर नाहीच. महावीरच्या मनात कधीपासून होतं कोण जाणे, त्यानं पत्रिका छापू दिल्या.

फायनल संपली. माणसं बक्षीस समारंभाकडं सरकली, उरलेल्या शाली वाटायला सुरुवात झाली. ट्रॅक मोकळा पडला. ऊन कलतं झालं होतं.

"घाल," मी म्हणालो.

"तू घाल." त्यानं पाती माझ्यापुढं धरली. "अंगठ्यानं बघ, कळतं."

"मी न्हाई. तू."

"जिनू, आज नगं."

"तूच घालायची," मी म्हणालो, आणि त्याच्याकडं पाठ करून जीपच्या चाकाला टेकून बसलो. समोर जोंधळ्याचं रान होतं. मी तिकडं बघत राहिलो. मागं बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग पाती सरकल्याचा बारीक आवाज आला, मग झाकण, मग एकेक स्क्रू. या वेळी त्याला घाई नव्हती. प्लगची टोपी बसल्याचा टक आवाज झाला तेव्हा मी उठलो.

त्यानं किक मारायला पाय उचलला. पहिली चक्कर त्याची होती, रिवाजाप्रमाणं. मी हँडल धरलं.

"पहिली मी जाणार."

"आरं, पर..."

"मी जाणार."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गाडी सोडली.

मी ट्रॅकवर उतरलो. पहिली फेरी सावकाश, दुसरी थोडी जोरात. गाडी अशी ओढत होती की त्या दिवशी ती जिंकलीच असती, आणि हे मी सातगोंडाला कधीच सांगितलं नाही. तिसऱ्या, चौथ्या फेरीला इंजिन असं तापलं की मांड्यांना चटका बसायला लागला. आता कळणार होतं. पाचव्या फेरीला मी मोठ्या उडीसमोरच्या सरळ पट्टीवर आलो आणि मूठ पुरती पिळली. मला भीती वाटत होती, ती वाटत नव्हती असं म्हणणार नाही. दात इतके आवळले होते की रात्री जबडा दुखला.

टेकाड पायाखालून निघून गेलं. गाडी हवेत गेली. खालची जमीन दिसली, गाड्यांच्या चाकांनी उकरलेली, जिथं सगळे उतरतात ती जागा. आणि तिथं भूपालदा उभा होता. दोरीच्या बाहेर नाही, आत. चाकांच्या खुणांपासून हातभर अंतरावर, हात मागं बांधून, वर माझ्याकडं बघत. गाडीनं नाक खाली घातलं असतं तर ती नेमकी त्याच्या अंगावर गेली असती.

मी मूठ सोडली.

पाती खाली आली. चाक फिरत राहिलं. मी त्याच्या शेजारून खाली उतरलो, माझ्या चाकाची माती त्याच्या तोंडावर उडाली, तो हलला नाही.

वळून त्याच्याजवळ आलो आणि इंजिन बंद केलं.

"तिथं का उभारला हुतास?" मी ओरडलो. "मेला आसतास की."

त्यानं डोळ्यांतली माती पुसली.

"मग आन् कुठं उभारायचं?" तो म्हणाला.